घरचं ॲव्हरेज

आमच्या दादाला अख्खा बाजार थेंबेसाहेब म्हणतो. आमचं आडनाव थेंबे नाही, आणि साहेब तर आमच्या सात पिढ्यांत कुणी झाला नाही. पण जुन्या मोठ्या गाड्या विकणाऱ्या त्या आवारात डिझेलच्या एकेका थेंबासाठी जीव टाकणारा हा एकच माणूस, म्हणून ते नाव त्याला चिकटलं. इतकं चिकटलं की एकदा कुरियरवाला त्याच नावाचं पाकीट घेऊन दारात आला, आणि वहिनीनं “इथं असं कुणी राहत नाही” म्हणून त्याला परत पाठवला. पाकिटात दादाचा नवा चष्मा होता. पुढचे दोन आठवडे दादा जुन्या चष्म्यातून वहिनीकडे बघत होता.

मी त्याची धाकटी बहीण. त्यांच्या अगदी खालच्या मजल्यावर राहते. वरचं अर्धं भांडण मला छतातून ऐकू येतं आणि उरलेलं वहिनी जिन्यात सांगते. तेव्हा मी जे सांगेन ते पक्कं समजा.

दादाचं काम असं, की कुणी आपली जुनी एसयूव्ही विकायला आणली की तिची किंमत ठरवायची आणि स्वतः चालवून तिचं ॲव्हरेज काढायचं. किंमत ठरवताना तो बॉनेट सगळ्यात शेवटी उघडतो. आधी मागून चढून, पोट सांभाळत, थेट तिसऱ्या रांगेत जाऊन बसतो. तिथल्या सीटवर कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच असलं की मान हलवतो. “घेतली सात जणांसाठी, फिरवली एकट्यानं.” सीटच्या फटीत बिस्किटाचा चुरा आणि छतावर रंगीत खडूच्या रेघा दिसल्या की त्याचा चेहरा फुलतो, पण किंमत मात्र तो खाली आणतो, कारण अशा गाडीचे सांधे भरपूर हादरलेले असतात. मग पुढे येऊन पेडलवरचं रबर बघतो. मीटर म्हणतो गाडी जेमतेम चालली आणि रबर गुळगुळीत, असं असलं तर तो विकणाऱ्याला एक शब्द बोलत नाही. नुसता चष्मा काढून पुसत बसतो. पुसता पुसता समोरचा आपोआप खरं बोलायला लागतो.

गिऱ्हाइकालाही त्याचा एक ठरलेला प्रश्न असायचा. “माणसं किती?” एकदा एक उंचपुरे गृहस्थ आवारातली सगळ्यात अवाढव्य गाडी घ्यायला आले. दादानं विचारलं, माणसं किती? ते म्हणाले, “मी, मिसेस आणि कुत्रा.”

“कुत्रा केवढा?”

त्यांनी हातानं दाखवला. मांडीवर मावेल एवढा.

“साहेब, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं होईल,” दादा म्हणाला. “ही गाडी तुमच्या गल्लीत वळायचीसुद्धा नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. समोरच्या दुकानात छोट्या गाड्या मिळतात, त्या बघा.” गृहस्थ आभार मानून समोरच्या दुकानात गेले, आणि मालक काचेच्या केबिनमध्ये कपाळ धरून बसला. पण महिन्याभरात त्याच गृहस्थांचे दोन भाऊ आले, लेकुरवाळे, आणि दोघांनी मोठ्या गाड्या नेल्या. तेव्हापासून मालकानं कपाळ धरणं सोडलं.

आता ॲव्हरेज. लोक कुठलीही गाडी बघताना पहिला प्रश्न विचारतात तो “किती देते?” दादानं या प्रश्नाला आयुष्य दिलंय. पंप ठरलेला, मशीन ठरलेलं, आणि गाडी उभी करायची जागासुद्धा ठरलेली. तिथं त्यानं पंपवाल्यांकडून जमिनीवर पिवळ्या रंगाच्या खुणा करून घेतल्यात, कारण गाडी जरा तिरकी उभी राहिली की टाकीत कमीजास्त मावतं. नळी आपोआप बंद झाली की बस्स, वर एक थेंब नाही. मग चपला काढून शेजारच्या सीटखाली ठेवायच्या आणि अनवाणी पायानं गाडी चालवायची. “चपलेतून पेडलचं मन कळत नाही,” तो म्हणतो. लांबूनच लाल सिग्नल बघून पाय उचलणार, ब्रेक म्हणून लावणार नाही, गाडी आपली घरंगळत जाऊन अलगद थांबणार. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमतात. फिरून यायचं, त्याच खुणांवर उभं राहायचं, पुन्हा टाकी भरायची, आणि जो भागाकार येईल तो आकडा काचेवर पांढऱ्या रंगानं लिहायचा. थेंबेसाहेबांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आणि असल्या माणसाच्या नशिबी आमची वहिनी.

वहिनी गाडी चालवते ती जणू मागे कुणी लागलंय अशी. पहिल्या गिअरमध्ये गाडी किंचाळेपर्यंत पळवणार, सिग्नलच्या तोंडाशी ब्रेकवर उभी राहणार, एसी चालू ठेवून खिडकी उघडणार, कारण “मला दोन्ही लागतं.” भाजीवाल्यासमोर इंजिन चालू ठेवून निवडून निवडून टोमॅटो घेणार. लग्नानंतर थोडेच दिवस दादा तिच्या शेजारी बसला. नंतर म्हणाला, “मला बघवत नाही.” तेव्हापासून घरच्या कुठल्याही समारंभाला ही दोघं वेगवेगळी यायची. वहिनी गाडीनं, दादा बसनं. पाहुणे विचारायचे, भांडण झालंय का? आम्ही सांगायचो, नाही हो, ॲव्हरेज.

सगळे हसायचे, मीही हसायचे. पण एकदा जिन्यात वहिनी मला म्हणाली, “तुम्हाला गंमत वाटते, वन्सं. पण नवरा आपल्या शेजारी बसत नाही, हे बसस्टॉपवरच्या लोकांनाही दिसतं.” मग ती कुलूप उघडून आत गेली. मला फार वाईट वाटलं.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दातांची डॉक्टरीण आली.

तिनं आवारातून एक सात सीटर नेली होती. घरात नवरा, तीन मुलं आणि व्हीलचेअरवरच्या सासूबाई. दादानं “माणसं किती” विचारून स्वतःच ती गाडी निवडून दिली होती, आणि काचेवर स्वतःच्या हातानं चौदा लिहिलं होतं. लिटरला चौदा किलोमीटर. ती गाडी घेऊन डॉक्टरीणबाई भर दुपारी, आवारात गिऱ्हाइकांची गर्दी असताना आल्या, आणि उतरून म्हणाल्या, “थेंबेसाहेब कोण? ही गाडी नऊ देते. नऊ. तुम्ही चौदा लिहिलं होतं. मी त्या आकड्यावर घरचा हिशेब बसवला. माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर?”

लोक वळून बघायला लागले. काचेवरचे आकडे वाचणारा एक जण हळूच मागे सरला.

दादाला आयुष्यात कुणी खोटारडा म्हटलं नव्हतं. बाई तसं म्हणाल्याही नाहीत, पण अर्थ तोच होता. मालकानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. “हे बघा, तुमच्या आकड्यावर माझा धंदा चालतो. तुम्ही लबाडी करणार नाही हे मला ठाऊक आहे. पण आणखी एक गाडी अशी परत आली तर मी काचेवरचे सगळे आकडे पुसून टाकीन, आणि तुम्ही नुसत्या किमती ठरवा.” दादासाठी हे म्हणजे स्वयंपाकिणीला सांगावं, की आजपासून तू फक्त भाजी चिरायची.

त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरीणबाईंची गाडी मागून घेतली आणि स्वतः चालवली. चौदा. पुन्हा चालवली. पुन्हा चौदाच. घरी येऊन तो सोफ्यावर बसला आणि म्हणाला, “गाडी खोटं बोलत नाही, मी खोटं बोलत नाही, बाईही खोटं बोलत नाहीत. मग हे पाच किलोमीटर जातात कुठं?”

“त्यांच्यासोबत जाऊन बघ,” मी म्हटलं. “बाजूला बसून.”

तो गेला. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या मनानं येऊ दिलं. संध्याकाळी परत आला, तोंडावर पाणी मारलं, आणि एकदम हसायलाच लागला. बाई दवाखान्यातून निघाल्या त्या घाईतच. पहिल्या मुलाला शाळेतून घेतलं, दुसऱ्याला पोहायला सोडलं, धाकटीच्या क्लाससमोर इंजिन चालू ठेवून वाट बघत बसल्या, कारण मागे सासूबाईंना उकडत होतं. मुलांनी मागे हाणामारी केली म्हणून दोनदा करकचून ब्रेक लागला. एका मुलाचा डबा राहिला म्हणून अख्खा रस्ता पुन्हा. एसी फुल्ल आणि सासूबाईंची खिडकी उघडी, कारण त्यांना वारंही हवं होतं.

“अगदी आपल्या घरच्यासारखं,” दादा म्हणाला. आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला.

माझा भाऊ हट्टी आहे, पण मठ्ठ नाही. तो उठला, दारात जाऊन उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, “अगं, उद्या जरा गाडी चालवशील का? आवारातली. कामासाठी.”

वहिनीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. “मी? तुमच्या गाड्या? आणि तुम्ही कुठं बसणार?”

“शेजारी,” दादा म्हणाला.

चाचणीला डॉक्टरीणबाईंच्याच मॉडेलची, दादाच्या पायानं चौदा देणारी गाडी घेतली, आणि मीही मागच्या सीटवर होते, घरच्यांचं वजन हवं म्हणून. वहिनीनं पिवळ्या खुणांवरून गाडी अशी काढली की पंपवाला टोपी धरून मागे झाला. दादानं खिडकीवरचं हँडल दोन्ही हातांनी पकडलं आणि डोळे मिटले. “उघडा डोळे,” वहिनी म्हणाली, “कामावर आहात.” तिनं तिचा रोजचा फेरा मारला. बँक, गिरणी, भाजी, माझी टेलरबाई, तिची मैत्रीण, मैत्रिणीच्या दारात चालू इंजिनवर मनसोक्त गप्पा. दादा एक शब्द बोलला नाही. फक्त एका सिग्नलला, वहिनी ब्रेकवर उभी राहिल्यावर, त्याच्या तोंडून “आई गं” निघालं, ते त्यानं खोकला म्हणून खपवलं.

परत येऊन टाकी भरली. नऊ.

दादानं डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि भर आवारात, त्या दिवशी होते तेवढ्याच लोकांसमोर, म्हणाला, “बाई, तुमचं बरोबर. माझा आकडा माझ्या पायाचा होता. गाडी तुम्ही चालवणार, मी नाही. हे मला इतकी वर्षं सुचलं नाही. गाडी परत घ्यायची असेल तर मालक घेतील.” मालकानं केबिनमधून मान डोलावली, जरा जड मनानं.

डॉक्टरीणबाई गाडीकडे बघत राहिल्या. “परत देऊन काय करू? सासूबाईंची खुर्ची दुसऱ्या कुठल्या गाडीत मागे सरळ जात नाही. नऊ आधी सांगितलं असतं तरी मी हीच घेतली असती. फक्त नऊ धरून घेतली असती.” आणि त्या गाडी घेऊन गेल्या. जाताना गिअर बदलताना असा आवाज काढला की दादानं वहिनीकडे पाहिलं, आणि वहिनीनं आभाळाकडे.

तेव्हापासून आवारातल्या प्रत्येक एसयूव्हीच्या काचेवर दोन आकडे असतात. वरचा दादाचा. खालचा वहिनीचा, त्यापुढे लिहिलेलं, “घरचं.” गिऱ्हाईक आधी वरचा वाचून खूश होतं, मग खालचा वाचून गंभीर होतं, मग बायकोकडे बघतं, आणि बायको म्हणते, “बघताय काय, तुमचंही खालचंच आहे.” मालकानं वहिनीला पगार सुरू केला. ती रुबाबात आवारात जाते, “आज कुठली?” विचारते आणि किल्ली बोटावर फिरवत निघते. कुणाचीही गाडी परत आली नाही.

दादा मात्र पुन्हा तिच्या शेजारी बसला नाही. चाचणीपुरता गेला, तेवढंच. समारंभांना अजूनही ती गाडीनं आणि तो बसनं. “काम वेगळं, जीव वेगळा,” असं म्हणायचा. वहिनी हसून सोडून द्यायची, पण मला जिन्यातलं तिचं बोलणं आठवायचं.

मग दादाचा उजवा गुडघा गेला. अलगद पाय उचलून धरण्यात आयुष्य काढल्यावर दुसरं काय होणार? शस्त्रक्रिया झाली ती दुसऱ्या शहरात, दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर. घरी सोडायच्या दिवशी मालकानं आपण होऊन आवारातली सगळ्यात मोठी एसयूव्ही पाठवायचं ठरवलं, मधली सीट आडवी करून पाय सरळ ठेवता यावा म्हणून. आणि ती गाडी घेऊन वहिनी आली.

दादानं खिडकीतून तिला गाडी लावताना पाहिलं. माझा हात धरून तो कुजबुजला, “एक काम कर. ॲम्ब्युलन्स सांग.”

“असं काय करतोस?”

“अगं, टाके आहेत. तिचा एक ब्रेक, आणि मी छताला.” त्याच्या कपाळावर खरंच घाम आला होता. मी त्याच्यासाठी पाणी आणायला वळले, तर वहिनी दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. औषधांची पिशवी उचलली, उशी काखेत मारली, आणि म्हणाली, “चला.”

दवाखान्याजवळच्या पंपावर दादानं टाकी भरायला लावलीच. पाय गेला तरी खोड गेली नव्हती. तो मागे आडवा, पायाखाली उशी, दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरलेली. मी पुढे. वहिनी बसली, आरसा नीट केला, आणि मग तिनं खाली वाकून चपला काढल्या. दोन्ही चपला माझ्या सीटखाली सरकवल्या. अनवाणी.

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती.

गाडी कधी निघाली ते कळलं नाही. खड्डा दिसला की ती लांबूनच पाय उचलायची, आणि गाडी पाण्यात उतरावी तशी त्यातून जायची. सिग्नल आला की गाडी घरंगळत जाऊन थांबायची. मागून हॉर्न वाजले, वहिनी ढिम्म हलली नाही. एकानं पुढे येऊन शिवी घातली. तिनं त्याला हातानं “जा बाबा पुढे” केलं. वहिनीनं! जिनं आयुष्यात कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. खिडक्या बंद, एसी बारीक. तिची मान मागून घामानं भिजली होती.

थोड्या वेळानं मी मागे वळून पाहिलं. दादाचे हात सीटच्या कडेवरून सुटले होते. तो झोपला होता.

आमच्या पंपावर, पिवळ्या खुणांवर गाडी थांबली तेव्हा त्याला जाग आली. पंपवाल्यानं टाकी भरून लिटर सांगितले, मी मीटर वाचून दाखवला. दादाचे ओठ हलले, भागाकार झाला. पुन्हा हिशेब केला.

“काय आलं?” मी विचारलं.

“चौदा,” तो म्हणाला. “वर जरा.” मग पुढे बघत म्हणाला, “अगं, तुला हे येत होतं?”

वहिनी चपला घालत होती. “न यायला काय झालं? सारखं शेजारी बसून शिकवलंत ना सुरुवातीला.”

“मग इतकी वर्षं?”

“इतकी वर्षं घाई असते हो. गिरणीची, दुधाची, तुमच्या डब्याची. आज घाई नव्हती. आज तुम्ही मागे होतात.”

दादानं तोंड खिडकीकडे वळवलं. मी ते बघितलं नाही असं दाखवलं, पण बघितलं. माझा भाऊ रडत होता.

घरी पोचून त्याला पलंगावर टेकवतोय तोच मालकाचा फोन आला. तब्येत वगैरे विचारून झाल्यावर सवयीनं त्यानं विचारलंच, “बरं, ती गाडी आजच काचेवर चढवायचीय. वहिनींनी चालवली ना? घरचं किती आलं?”

आकड्याच्या बाबतीत माझा भाऊ कधी कुणाच्या बापाला घाबरला नाही, की एका बिंदूनं इकडचा तिकडे झाला नाही. त्यानं फोन कानाला धरून स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत वहिनी धडाधड भांडी आपटत होती, नेहमीसारखी.

“नऊ,” तो म्हणाला. “नऊच लिहा.”

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, “पुढच्या आठवड्यात तुझ्या नणंदेकडे समारंभ आहे ना? बसचं तिकीट काढू नकोस माझं.”